आजी टीव्हीसमोर बसली आहे

बेलापूरच्या बसथांब्यावर जयप्रकाश पेपर उघडून बसले होते. पहिल्याच पानावर जवळच्याच दिवाळे गावच्या प्रीतमचा हसरा फोटो होता. मालिकेतला हा तरुण नट काल सेटवरच छातीत कळ येऊन गेला होता. शेजारच्या बाकावर एक मुलगी आणि तिची आत्या येऊन टेकल्या.

"दादाला संध्याकाळी घरी आणतील. आत्या, आजीला सांगितलंस ना?"

"कसा सांगू? बातम्यांत सारखा मालिकेतलाच सीन दावतान. आपला प्रीतम तिरडीवर, गल्यात हार."

"मग? रडली?"

"हसली. म्हनते, ह्यो जुना भाग हाय, मी पायलाय."

"दारात पोरी मेणबत्त्या घेऊन रडतायत, त्या नाय दिसल्या तिला?"

"त्यांनाच समजावते. रडू नका गो, मागं बी मेलेला, आला ना परत!"

"आणि चॅनेलवाले?"

"शूटिंगची मानसं समजून चा दिला त्यांना. एक म्हनला, आजी, जरा रडा ना. तर खोटा खोटा रडून दावला तिनं. नातवाच्या कामाला मदत."

"आत्या, बस कर ना."

"मांडीवर फोन घेऊन बसलीय. मागं मालिकेत मेला तवा त्यानं लगेच फोन केलेला ना, आजी, मी बरा हाय, जेवलीस का?"

मुलीच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

"कोनाचा गो?"

"दादाचा फोन आहे. हॉस्पिटलनं माझ्याकडे दिला."

"आनि करतंय कोन?"

"आजी."

जयप्रकाशांनी फोटो आत जाईल अशी पेपरची घडी घातली. बस आली, थांबली, गेली. फोन वाजतच होता.