एक्स ॲक्सिस काहून थांबत होता

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक ओमप्रकाशजी साहेब, व्यासपीठावरचे कामगार संघटनेचे नानाजी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते रुपराव काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या रुखमाबाई काकू, आणि पहिली पाळी संपवून तेलाचे हात घेऊनच सभागृहात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी अंकुश, देखभाल विभागातला मदतनीस. भाषणाची सवय नाही. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी सरांशी भांडण केलं, कॉलर धरली, आणि पुन्हा त्या फाटकातून आत गेलो नाही. वर्षभर वाडीच्या गोदामांत पोती मोजली. तिथून मला या कारखान्यात आणलं ते काकांनी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "राग घरी ठेवून येत जाय गा. मशीनले तो समजत नाही."

माझ्या आधीच्या वक्त्यांनी काकांच्या सव्वीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला. तो खराच आहे. पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही, आणि ती इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काकांच्या निवृत्तीला अजून चौदा महिने बाकी होते. मग आज निरोप कशाचा? त्यांच्या सेवापत्रावर जानेवारीत एक ओळ लिहिली गेली: 'मशीन हाताळण्यात निष्काळजीपणा.' त्या ओळीनंतर त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. स्वतःहून म्हणजे काय, हे मी कोणाला समजावून सांगावं?

आपली जुनी सीएनसी, संगणकाच्या हुकुमावर धातू कापणारी मशीन, आपण सगळे ओळखतो. मी जन्मलो त्याच्याही आधीची ती. नोव्हेंबरपासून तिचा एक्स ॲक्सिस, म्हणजे टेबलाला डावीउजवीकडे नेणारी चाल, मधेच थांबू लागला. कधी तासाभरात तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही. पडद्यावर अलार्म यायचा, बंद करून चालू केली की मुकाट चालायची. आम्ही मोटार बदलून पाहिली. मोटारीला चालवणाऱ्या ड्राइव्हचं कार्ड पुण्याला पाठवलं, ते 'दोष नाही' अशा चिठ्ठीसह परत आलं. वंगणाच्या नळ्या साफ केल्या, व्होल्टेज मोजलं. बाहेरचा इंजिनिअर आला की ही बाई दिवसभर अशी चालायची, जणू सासरची माणसं पाहायला आली आहेत! तो गेला की पुन्हा ठप्प. कापताना मधेच थांबल्यामुळे एकोणीस नग भंगारात गेले. प्रत्येक नगावर ऑपरेटरचं नाव असतं. नाव कोणाचं होतं, ते सांगायला नको.

काका मात्र वहीत लिहीत राहिले. किती वाजता थांबली, टेबल कुठं होतं, कापताना थंडावा देणारं कूलंटचं पाणी चालू होतं की बंद. ती वही त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. साहेब, तुम्ही ती उघडली नाही. रागावू नका, मी खरं बोलून राहिलो.

जानेवारीत काकांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. न उघडताच परत आलेली ती वही मग मी घरी नेली. चाळीस नोंदींपैकी तेहेतीस टेबल उजव्या टोकाला असतानाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकट्यानं उजव्या टोकाचा पत्रा उघडला. टेबल कुठं आहे ते कंट्रोलला कळवणारी केबल तिथं जोडलेली असते. जोड उघडला तर आतल्या दोन पिना गंजून हिरव्या पडलेल्या. टेबल टोकाला गेलं की केबल ताणायची आणि संपर्क तुटायचा. एवढंच. आणि त्या जोडाच्या कडेला नारळाच्या शेंडीचा एक धागा चिकटला होता.

समोरच्या ताटात शालीवर नारळ ठेवला आहे, म्हणून हे त्याच्याकडे न बघता सांगतो. खंडेनवमीला आपण मशिनींची पूजा करतो. काकांचा जुना नियम, की नारळ दाराबाहेरच्या दगडावर फोडायचा, मशीनजवळ आणायचा नाही. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते हात धुवायला गेले होते आणि नारळ माझ्या हातात होता. समोर एक व्यक्ती उभी होती. नाव घेणार नाही, तिचं लग्न ठरलं आहे आणि तिचा यात काडीचा दोष नाही. ती हसून म्हणाली, "फोडता येते का गा तुले, का नुसती हवा करून राहिला?"

झालं! माझं डोकं फिरलं. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर एका दणक्यात फोडला. सगळं पाणी पत्र्याखाली गेलं. टाळ्या पडल्या. काका धावत आले, "काहून गा, बाहेरचा दगड काय मेला होता?" मी म्हणालो, "काही होत नाही जी, पाणीच तर आहे."

होय साहेब, बसतो. घड्याळ दाखवू नका, दोनच मिनिटं.

मी पिना घासल्या, जोड पुन्हा बसवला, केबल सैल बांधली, धागा खिशात टाकला आणि कोणालाही सांगितलं नाही. मशीन त्या दिवसापासून एकदाही थांबलेली नाही. आणि तुम्ही सगळे काय म्हणालात? रुपरावाला काढलं आणि मशीन सुधारली! माझी दुरुस्ती त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली. त्या व्यक्तीनंही मला थांबवून विचारलं, "म्हणजे काकाचाच हात जड होता ना?" मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. ती माझ्याशी पाच मिनिटं बोलत होती, आणि तेवढ्यासाठी मी एका माणसाची सव्वीस वर्षं गिळून बसलो.

काकांनी पॅकिंगच्या खोलीत विचारलं होतं, "कुठं होतं गा तिचं दुखणं?" मी म्हणालो, "आपोआपच बरी झाली, काका." ते खोक्याला दोरी बांधत राहिले. गाठ आवळून बोलले, "मशीन आपोआप बरी होत नाही, अंकुश." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्यापेक्षा त्यांनी माझ्या कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

काकू, तुम्ही भिवापूरला परत चाललात. तिथं कोणी विचारलं, की रुपराव मधेच काहून आले, तर माझं नाव सांगा. लाजू नका.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, सभागृहानं ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर लहान समजून पोटात घाला. पण जे केलं त्याची माफी मी या सभेकडे मागत नाही. ती सभेनं द्यायची नाही. तो धागा आणि काकांची वही मी आपल्यापुढे ठेवतो आहे. सत्कार पुढच्या पाच मिनिटांत आहे. साहेब, आधी सेवापत्र मागवा, ती ओळ खोडा, तिथं माझं नाव लिहा आणि मला फाटकाबाहेर काढा.

काका, ते होईपर्यंत शाल खांद्यावर घेऊ नका.