नकाशातली नदी

साहेब : पाय पुसायला काही मिळेल का? लाँच वाळूत रुतली. उरलेली सगळी वाट चिखल तुडवत आलोय.

रखवालदार : मनोऱ्याच्या रोखाने आलात ना, साहेब?

साहेब : मग? दीपगृह असतं कशाला?

रखवालदार : दोन वर्षं तेच लिहून कळवतोय. नदीचं मुख दक्षिणेला सरकलं. मनोऱ्याच्या रोखाने जो येतो, तो थेट वाळूत.

साहेब : तुमची सगळी पत्रं फायलीत आहेत, नंबर घालून. पण नकाशात नदी जागच्या जागी आहे. मी तपासायला आलोय दिवा. लागतो का?

रखवालदार : लखलखीत.

साहेब : संपलं तर मग! पण... बाकीची जहाजं बंदरात पोचतात कशी?

रखवालदार : हिच्या चादरीवर.

बायको : पलीकडच्या टेकाडावर लाल चादर वाळत घालते मी. तिच्याकडे नाक करून आलं की खोल पाणी लागतं. अंधारून आलं की तिथेच कंदील.

साहेब : अहो बाई, हे बेकायदा दीपगृह झालं! आत्ताच्या आत्ता काढा ती.

बायको : काढली की. ही बघा, पिशवीत. नातू चार महिन्यांचा झाला, या चादरीपायी अजून तोंड पाहिलं नाही त्याचं. तुमच्या तोंडात साखर पडो! निघाले मी चारच्या बोटीने.

रखवालदार : अगं, पण बोट आधी आत यायला हवी ना?

साहेब : माणसं आहेत तिच्यात?

रखवालदार : दीडशे. शिवाय तुमचे मोठे साहेब. तुम्ही निघाल्यावर फोन आला.

साहेब : ...चादर लावा.

रखवालदार : लेखी द्या.

साहेब : लेखी कसं देऊ? कागदावर नदी हललेलीच नाही!

बायको : आणि मी लावायची कशावर? दोरी ट्रंकेला बांधली. आता सोडत बसणार नाही.

साहेब : मग तुम्ही जा, रखवालदार. धरून उभे राहा.

रखवालदार : बोट दिसली की मी वर भोंग्यापाशी हवा. आपलाच नियम आहे, साहेब.

साहेब : इथे आणखी कोण आहे?

रखवालदार : आपणच.

(लांबून बोटीची शिट्टी.)

साहेब : आणा ती इकडे.

बायको : टेकाडाच्या अगदी टोकाला उभे राहा. मला घेऊन बोट बाहेर पडेपर्यंत जागचं हलायचं नाही. कप्तान भला माणूस आहे, टोपी हलवतो. आपण नुसती मान हलवायची, साहेब. वारं फार असतं, हात सोडायचे नाहीत.