सुटणारा कनेक्टर

सातपूरला माझं गॅरेज होतं ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या मुलाने, मन्याने, अमेरिकेला जाताना आपली ऑटोमॅटिक गाडी त्यांच्याकडे ठेवलेली. दर महिन्याला अण्णा हजर. "अरे, परत झटके देतेय!"

बघावं तर गिअरबॉक्समधल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या वायरचा कनेक्टर सुटलेला. मी पिना साफ करून तो टक्क वाजेपर्यंत दाबायचो. शेवटी वैतागलोच.

"अण्णा, याला लॉक आहे. कुणी काढल्याशिवाय हा निघणारच नाही!"

अण्णांनी बॉनेट खाली केलं. "गाडी बिघडली की मन्या फोनवर तासभर बोलतो रे. 'बाबा, हे बघा, ते तपासा...'"

"आणि चांगली असली की?"

"मग 'ठीक आहे' म्हणतो आणि ठेवून देतो."