नाव न्हाय, गल्ली

...आणि वर मलाच इचारत्यात, "डॉक्टर न्हाय, नर्स न्हाय, मग हाय तरी काय?" आता हे मला काय म्हाईत? मी काय युनिव्हर्सिटी काढलीया? मी गादीवाला माणूस, मौला नदाफ, पेठ वडगावात स्टँडाच्या मागं बापापासनंचं दुकान, कापूस पिंजायचा, गादी भरायची, एवढंच येतं मला. पण न्हाय, दुकानाम्होरच्या बाकड्यावर आमचे गणपतराव बसलेले असत्यात, रिटायर मास्तर, पेपर वाचायला येत्यात, पेपर माझा, बाकडं माझं, चहा माझा आणि प्रश्न तेवढा त्यांचा. "मौला, पोरीनं कशाला ॲडमिशन घेतली म्हणालास?" पब्लिक हेल्थला. "म्हंजे डॉक्टर?" न्हाय. "नर्स?" न्हाय. "मग हाय तरी काय?" तुम्हाला सांगतो पावणं, रोज. काल सांगितलेलं आज त्यांच्या डोक्यात शिल्लकच ऱ्हात न्हाय.

बरं, त्यांना तरी काय बोलू, मलापण पहिल्यांदा तसंच वाटलतं. आमची मेहक, एकुलती एक लेक, बारावी चांगल्या मार्कानं पास झाली. मी मनात सगळं बांधून ठेवलतं. डी. फार्मसी करंल, दुकानाचा अर्धा गाळा तिला काढून देईन, एका बाजूला गाद्या, एका बाजूला गोळ्या... झोप लागंना झालेला माणूस आमच्याकडनं रिकाम्या हातानं जायचाच न्हाय. कशी काय आयडिया? आणि ही म्हणती, "अब्बा, मला बीएस्सी करायचंय, पब्लिक हेल्थमधी. कोल्हापूरला, युनिव्हर्सिटीत." मी म्हटलं, ते गटारीवर पावडर मारत्यात, ते काय गं? तर हसली. म्हणाली, "ती पावडर कुठल्या गटारीवर मारायची हे ठरवायला कुणीतरी लागतंच की."



आणि खरं सांगू का, हे खूळ तिच्या डोक्यात मीच घातलंय. कसं? थांबा, सांगतो. आमच्या धंद्यात बघा, गादी एकदा उसवली की सगळ्यांचा कापूस सारखाच दिसतो, आणि ह्याचा कापूस चुकून त्याच्या गादीत गेला तर लोक काय ऐकून घेत्यात व्हय? माणूस भावकीतलं भांडण इसरंल, आपला कापूस इसरायचा न्हाय. म्हणून चिंधी. आलेल्या गादीला चिंधी टाचायची, तिच्यावर नाव आणि गल्ली लिहायची. माझं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय, म्हणून मेहक तिसरीत असल्यापासनं चिंध्या तिच्याकडं. शाळेतनं आली की दप्तर कापसात फेकायची, पेन घ्यायची आणि बसायची मांडी घालून.

आणि दुसरी गोष्ट म्हंजे गादी सगळं सांगती. कुणाचं पोरगं अजून अंथरूण ओलं करतंय, कुणाची सासू महिनाभर उठली न्हाय, कुणाच्या गादीत वशीकरणाची पुडी शिवलीया... डॉक्टरला लोक खोटं सांगतील, गादीवाल्याला काय सांगावंच लागत न्हाय. माझ्या बापानं मला एकच शिकवलं. गादी उसवायची आणि तोंड शिवायचं. तीस वर्षं झाली, एक शब्द बाहेर न्हाय. आता ह्या गणपतरावांच्याच गादीत मला काय सापडलं हुतं... जाऊ दे. मी सांगणार न्हाय.

तर मेहक अकरावीत हुती. पावसाचे दिवस. चिंधी लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "अब्बा, ह्या आठवड्यातली ही सातवी गादी. सातच्या सात लिंबाच्या गल्लीतल्या." मी म्हटलं, बरं हाय की, धंदा हाय. तर म्हणती, "दिवाळी न्हाय, लग्नसराई न्हाय, ऊन न्हाय, वाळायची बोंब. असल्या दिवसांत गादी पिंजायला कोण टाकतं?"

मला ठावं हुतं की. वासावरनंच कळलतं. गल्लीत जुलाब लागलते, घराघरांत. पण माझं तोंड शिवलेलं. ही मात्र दुसऱ्या दिवशी उठली ती सरळ बाळाबाईंकडं, बाळाबाई म्हंजे घरोघर फिरून आजारपण बघणाऱ्या आमच्या सरकारी आशाताई, आणि दोघी त्या गल्लीत. त्या गल्लीनं मिळून बोअर मारलीती, तिची पाईप त्यांनीच गटारीला चिकटून नेलती आणि एका जागी ती फुटलीती. पाणी बंद झालं, पाईप बदलली, आठ दिवसांत सगळं थांबलं. दवाखान्यातली दोन लेकरं चालत घरला आली. सगळा गाव म्हणाला, मौला, पोरगी तुझी हुशार.

आणि मी काय केलं? मी तिच्याशी चार दिवस बोललो न्हाय. व्हय, न्हाय बोललो. तीस वर्षं मी जे शिवून ठेवलतं ते हिनं एका दिवसात उसवलं असं वाटलं मला. उद्या लोक म्हणतील, मौलाच्या दुकानात गादी टाकू नका, घरातलं चव्हाट्यावर जातंय. पेन काढून घेतलं तिच्याकडनं. चिंध्यांवर परत माझे कोंबडीचे पाय. तिनं पेन दिलं, पण दोन वर्षं ती दुकानात कापसाजवळ बसली न्हाय. घरात बसायची, अभ्यास करायची. दुकान कसलं सुनं वाटायचं, तुम्हाला काय सांगू.

आणि आता म्हणती त्याचीच डिग्री घ्यायची!

फॉर्म ऑनलाईन. मोबाईल नंबर माझा दिलेला. शेवटचा दिवस, पाचपर्यंत मुदत, ती तिकडं नेट कॅफेत आणि मी इकडं दुकानात. फोन आला. "अब्बा, ओटीपी आला काय?" आलता. सहा आकडे, ठळक. मी म्हटलं, न्हाय. दहा मिनिटांनी परत फोन, परत आलता, परत मी म्हटलं, पिंजायच्या मशीनच्या आवाजात काय कळंना झालंय बघ. आता तुम्ही म्हणाल मौला खोटारडा हाय. हाय! पण तुम्ही मला सांगा, सहा आकडे तोंडातनं गेले की पोरगी गेली. अठरा वर्षांची पोरगी, सहा आकड्यांत. कुणाच्या तोंडातनं निघतील हो?

तवर आमची नजीरा चहा घेऊन आली. बायको माझी. तिनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कप ठेवला आणि मशीनचं बटण बंद करून निघून गेली. बायको बोलली तर माणूस उत्तर देतो, गप बसली तर काय करायचं?

तिसऱ्यांदा फोन आला तवा दुकानात सुई पडली तरी ऐकू आली असती. मेहक म्हणाली, "अब्बा, तुम्हाला नसंल सांगायचं तर नका सांगू. पण आला न्हाय असं म्हणू नका."

मी म्हटलं, तिथं जाऊन शिकणार काय तू? लोकांच्या घरातलं बाहेर काढायला?

ती म्हणाली, "अब्बा, त्या दिवशी मी बाळाबाईंना एक पण नाव सांगितलं न्हवतं. इचारा त्यांना. नाव न्हाय, गल्ली सांगितली फक्त."

दोन वर्षं, पावणं. दोन वर्षं ही गोष्ट मी तिला इचारलीच न्हवती. माझ्या बापाचं शिकवलेलं तिनं माझ्यापेक्षा नीट पाळलतं, आणि मी तिचं पेन काढून घेऊन बसलो. डोळ्यात कापूस गेला माझ्या. दिले सहा आकडे. एकेक करून, सावकाश, दोनदा.

मग कोल्हापूर. युनिव्हर्सिटीत कागद तपासायला आम्ही तिघं. दाखला, उतारा, गॅपचं सर्टिफिकेट... मी म्हटलं, गॅप कुठाय, पोरगी एक दिवस शाळा चुकली न्हाय, तर ते म्हणाले, मग नको. बरं! शेवटी एका मॅडमनं पुढ्यात कागद ठेवला, म्हणाल्या कोर्स निवडा. आम्हाला कोर्स म्हंजे पाच दिवस गोळ्या, म्हाईत हाय की. पण ही यादी भलतीच. साथीचे रोग, आकडेशास्त्र, आहार, पाणी आणि सांडपाणी. मेहक टिक करत चाललीया. न ऱ्हावून मी म्हटलं, "मॅडम, एक इचारू? तोंड बंद ठेवायचं ह्यातल्या कुठल्या पेपरात शिकवत्यात?"

नजीरानं मला टेबलाखालनं पाय मारला. मॅडम काय हसल्या न्हाईत. त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. म्हणाल्या, "हा बघा. लोकांची माहिती गुप्त कशी ठेवायची, नाव न सांगता आजार कसा सांगायचा. यावरच आहे."

मी म्हटलं, मग तो हिला आधी घ्या.

"तो सगळ्यांना कंपलसरी आहे," मॅडम म्हणाल्या.

माझ्या बापाचं शिक्षण, चौथी नापास. आणि त्याचा पेपर युनिव्हर्सिटीत कंपलसरी! जिथं सही मागितली तिथं मी करत गेलो.

आता गादीचं ऐका, म्हंजे मी कसला शहाणा हाय ते कळंल. आमच्या घरात रीत हाय, पोरगी जन्मली की त्या दिवसापासनं चांगल्यातल्या चांगल्या कापसाची एक मूठ बाजूला काढायची. आलेल्या दर मालातनं एक मूठ. लग्नात तिची गादी त्याच कापसाची. मेहकची गादी अठरा वर्षांत भरत आली, मी हातानं टाके घातलेले, माळ्यावर धुतलेल्या चादरीत गुंडाळलेली. नजीरा म्हणाली, हॉस्टेलला देऊ एखादी साधी. मी म्हटलं, न्हाय. पोरगी घर सोडून चालली न्हवं? मग गादी तीच जायची. शेजारच्या म्हाळुंग्याचा टेम्पो भाड्यानं सांगितला, गादी घातली, मेहकला पुढं बसवलं आणि मी मागं गादीवर बसून कोल्हापूरपर्यंत. रस्त्यात लोक बघत हुते. म्हटलं बघा, लेकीची गादी हाय.

खोलीत गेलो आणि बघतो तर काय, खाट तीन फूट. आणि गादी? साडेपाच! जोडप्याची गादी, पावणं. सगळ्या वडगावच्या खाटा मी मोजल्यात, माप घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवत न्हाय, आणि पोटच्या पोरीच्या गादीचं माप मी इचारलंच न्हवतं. अठरा वर्षं एकच खाट डोळ्यापुढं धरून बसलतो ना, मग दुसरी कुठली दिसणार?

मेहक म्हणाली, "अब्बा, ऱ्हाऊ दे, घरला न्या. लग्नाला हुईल." तिचा आवाज असा, की मला कळलं, तिला भीती वाटत हुती मी तिलापण त्याच टेम्पोत घालून परत नेईन.

समोरच्या खाटेवर एक पोरगी बसलीती. तेजस्वी, चंदगडची. एकटीच एसटीनं आलती, एक बॅग, काजूची एक पिशवी आणि फळीवर नुसती चटई अंथरलेली. मामा म्हणाली मला, काजू घ्या मामा. त्या चटईकडं बघितलं, गादीकडं बघितलं, आणि खिशातनं कात्री काढली. कात्री असती माझ्या खिशात, कायम.

बसलो व्हरांड्यात. अठरा वर्षांचे टाके उसवले. मधनं कापली, कापूस सारखा केला, दाभण घेतलं आणि दोन गाद्या शिवल्या. टाके वाकडे आले, आयुष्यात पहिल्यांदा. मेहक शेजारी येऊन बसली, कापसाजवळ, मांडी घालून. दोन वर्षांनी. म्हणाली, "अब्बा, चिंधी लावू?" मी खिशातनं पेन काढून दिलं. तेच, तिच्याकडनं घेतलेलं. मला वाटलं लिहील मेहक आणि तेजस्वी. तर दोन्ही चिंध्यांवर नुसता खोलीचा नंबर. नाव न्हाय.

येताना टेम्पो रिकामा. मी पुढं बसलो न्हाय, मागंच बसलो, नुसत्या पत्र्यावर. आदळतंय किती ते काय कळलंच न्हाय.

झालं, संपलं असं वाटलं मला. कुठलं संपतंय! पहिल्याच रविवारी फोन. "अब्बा, आम्हाला अभ्यास दिलाय. आपल्याकडं महिन्यात किती गाद्या आल्या, कुठल्या गल्लीतनं, ओल्या का सुक्या, सगळं लिहून ठेवा. नाव नको. आणि अब्बा, अक्षर नीट." अक्षर नीट! ॲडमिशन तिची आणि पाटी-पेन्सिल माझ्या हातात. आता सकाळपासनं मी चिंध्या लिहितोय, वहीत रेघा ओढतोय, एका डब्यात नव्या कापसाची मूठ टाकतोय... व्हय, परत चालू केलीया, लग्न कधीतरी हुईलच की, ह्या बारीला खाटेचं माप आधी इचारीन... आणि बाकड्यावर गणपतराव. पेपर खाली केला, चष्मा वर केला. "मौला, ते डॉक्टर न्हाय, नर्स न्हाय, मग हाय तरी काय?"

मी म्हटलं, मास्तर, ती काय हाय ते मला अजून नीट कळंना झालंय. पण कंपाउंडर मात्र मी झालोय. ती तुमची गादी आणलीया न्हवं? ठेवा तिथं. नाव नका सांगू, गल्ली सांगा.