यूगोच्या दिवशी बोललेलं

निवडणूक? अरे देवा — नाही रे बाबा, कसली निवडणूक! बेकरीच्या कोपऱ्यावर तो फळा बघितलास ना, फोटो आणि खाली नावं — ते उमेदवार नव्हेत, ते गेलेले लोक. आमच्या या स्प्लिट शहरात माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद छापतात, फोटोसकट, आणि लावतात फळ्यावर, म्हणजे सगळ्या वस्तीला कळतं अंत्यविधी कधी आणि कुठे. आणि तू फोटो काढलास त्याचा? असू दे, काढलास तर काढलास. ये आत. तुमच्या अंकोनाहून बोटीत रात्रभर डुलत आलास, झोप कुठली झाली असणार. माझं इटालियन समजतंय ना? शाळेतलं नाही ते, तुमच्या टीव्हीवरच्या गाण्यांवरून उचललेलं — त्यामुळे प्रेमाचे शब्द सगळे येतात, पण गीझर कसा लावायचा ते सांगता येत नाही. ते हातानेच दाखवीन.

ही खोली. पलंग चांगला आहे, खिडकीतून बंदर दिसतं. कपाट — कपाटाचं डावं दार उघडू नकोस तेवढं. कपडे आहेत आत. कुणाचे म्हणजे, घरातलेच. तुझे खुंटीला लाव. पासपोर्ट दे, नाव नोंदवावं लागतं. एत्तोरे. बरं. एत्तोरे, तू पोचलास हे तुझ्या आईला माहीत आहे? मग कळव. नंतर नाही, आत्ता कळव, मी उभी आहे इथं. झालं? काय लिहिलंस? ‘पोचलो.’ एवढंच? पुरे रे, पुरे तेवढं.

तू माझा पहिलाच पाहुणा. म्हणून तर धक्क्यावर मला धड उभंही राहता येत नव्हतं. बाकीच्या बायका बघितल्यास ना — पुठ्ठ्यावर ‘खोली’ लिहून, बोटीतून माणूस उतरतो न उतरतो तोच त्याच्या बॅगेला हात. माझी नणंद नेवेन्का तर त्यात पटाईत, तिच्या तीन खोल्या उन्हाळाभर रिकाम्या राहत नाहीत. मी आपली खांबाआड, पुठ्ठा उलटा धरून — तूच विचारत आलास म्हणून. लाज रे! जन्मभर म्हणत आले, आमच्या घरातले पुरुष जहाजावर जातात, आम्ही गाद्या भाड्याने देत नाही. नाक वर करून म्हणत आले.

काय बघतोस? भिंतीवरचा तो फोटो — हो. हो, तोच. फळ्यावरचा. नजर चांगली आहे तुझी. माझा मुलगा, याक्शा. सांगणार नव्हते, दमूनभागून आलेल्या पाहुण्याला कशाला — पण तो कागद मी नाही लावला हं, नेवेन्काने लावला, काल, मला न विचारता. चार वर्षं झाली. कोर्टाचं पत्र आलं, आता मृत समजायचं म्हणे. समजायचं! जहाजावरून पडला, तिकडे कुठेतरी लांब, सकाळी मोजले तर एक माणूस कमी. सापडलाच नाही. म्हणून त्याच्या कागदावर अंत्यविधीची ओळ नाही — बाकी सगळ्यांच्या आहे, त्याच्या नाही. नुसती गुरुवारची प्रार्थना, आणि खाली शोकाकुल म्हणून पहिलं माझं नाव. फाडणार होते मी. कोपऱ्याला नखही लावलं — पण त्याचा चेहरा फाटला असता. मग घरी आले, पुठ्ठा कापला, आणि आज पहाटे धक्क्यावर येऊन उभी राहिले.

धक्क्यावर का? कारण हे त्याचंच म्हणणं होतं. त्याला जायचं नव्हतं जहाजावर. ‘आई, ही खोली देऊ पाहुण्यांना, मग खालची देऊ, नाश्ता मी करीन, चादरी मी धुवीन, मला पाण्याची भीती वाटते ग’ — खलाशाचा मुलगा आणि पाण्याची भीती! त्या दिवशी यूगो होता. तुमच्याकडेही येत असेल तो दक्षिणेचा ओला वारा — डोकं जड होतं, अख्खं शहर एकमेकांवर खेकसतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला जाब विचारत नाही. यूगोत बोललेलं धरायचं नसतं आमच्याकडे. सकाळी नवरा-बायको काडीमोड घेतात आणि संध्याकाळी शेजारी बसून मासे खातात. तशीच बोलले मी. म्हटलं, तुझा बाप असता तर त्याने तुझं तोंड बघितलं नसतं. म्हटलं, असा चादरी धूत घरात बसणार असलास, तर मला मुलगाच झाला नाही म्हणेन मी. यूगो होता रे! इथंच जन्मलेला, इथंच वाढलेला — त्याला कळायला नको?

दुसऱ्या दिवशी वारा पडला. मी कॉफी केली, तो प्यायला, हसलासुद्धा. मला वाटलं, झालं, गेलं डोक्यातून. आठ दिवसांनी जहाजाच्या करारावर सही करून आला. आणि मी गप्प. का गप्प? इथं यूगोतलं बोलणं कुणी परत घेत नाही, परत घेतलं म्हणजे ते मनापासून बोललो होतो असं होतं. म्हणून नाही घेतलं. मला वाटत राहिलं, त्याला ठाऊक आहे. बॅग भरून दारात उभा होता, मिनिटभर उगाच उभा होता, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली त्याने — आता कळतं कशासाठी. मी म्हटलं, बोट चुकेल.

अरे, तू का बॅग उचललीस? नको — हॉटेलात नको जाऊस, मी बडबडते म्हणून नको जाऊस. माझा दोष नाही असंही म्हणू नकोस, ते पाद्री म्हणतो, नेवेन्का म्हणते. ठेव ती खाली. राहा. राहा रे, घरीच राहा —

एवढंच होतं बघ. एवढंच म्हणायचं होतं.

जा, तोंड धू. टॉवेल खुर्चीवर आहे. जा म्हणते ना!