पान लागनं

लिहा. शकुंतला माझं नाव, बठ्ठं गाव शकूअक्का म्हणतं, अन् कामानं मी पोलीस पाटील. गावाचं नाव लिहू नका, तापीकाठचं एक खेडं एवढंच लिहा. माहेर माझं अमळनेरकडचं, बाप तेलाच्या कारखान्यात पोती उचलायचा, त्याले अक्षर येत नव्हतं, मी चौथीत गेली तशी घरात येईल तो कागद माझ्या हातात, लग्नपत्रिका असो का मामाचं पत्र असो का एसटीची पाटी असो, मी वाचायची अन् तो डोळे मिटून ऐकायचा, अन् वाचून झालं का म्हणायचा, पोरी, परत वाच, मोठ्यानं वाच. परत वाचलं का कधीकधी त्याले पहिल्या खेपेले न समजेल गोष्ट समजायची, अन् मलेबी. तुमच्यासाठी जरा शुद्ध बोलते बरं का, पण अहिराणी मधीमधी येईलच, तिले मी काय करू.

पोलीस पाटील म्हणजे गावात कोणी आडव्या मरणानं मेलं का पहिला निरोप मले. गळफास, विहीर, करंट, भाऊबंदकीत घातलेली कुऱ्हाड, बठ्ठं पाहेल आहे मी. प्रेताजवळ उभं राहायचं, पोलिसाले निरोप द्यायचा, पंच गोळा करायचे, सही करायची. पहिल्या वर्षाले एक पोर विहिरीत सापडली, लग्नाले वर्ष नव्हतं झालं, ऊन मरणाचं, साहेब घाईत, मी नवी, कागद न वाचता सही करून दिली. नंतर कळलं, कागदात लिहेल होतं का पाय घसरताना लोकांनी पाहिलं. कोणी पाहिलं? कोणीच नाही. पण सही माझी. काय सांगू तुम्हाले, ती सही मले अजून झोपू देत नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, सहीच्या आधी मोठ्यानं वाचायचं, साहेब रागावला तरी वाचायचं. लोक हसायचे, म्हणायचे अक्का पोथी वाचते.

आते तुम्ही ज्याच्यासाठी आले ते सांगते. आमच्या गल्लीत कौतिकबाय होती, तिचा पोरगा भटू, सून वैशाली. सासूसुनेचं काही जमत नव्हतं, खोटं कशाले सांगू, त्या दिवशी सकाळी नळावर दोघी अशा भांडल्या का बठ्ठ्या गल्लीनं ऐकलं. कौतिकबाय जहाल होती, पण पानाची शौकीन, जेवण झालं का सुनेच्या हातचंच पान लागायचं तिले, रुसवा असला तरी. पितळेचा डबा होता तिचा, माहेरचा. दुपारी जेवली, पान खाल्लं, अन् मग अंगणातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या ढिगातून चुलीले काड्या काढाले गेली. हात झटकत आली, सून म्हणे काय झालं, तर म्हणे काडी टोचनी वं, काही नही. घंटाभरात पोटात कळा, डोळ्याच्या पापण्या उघडेनात, भटूनं गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेली. भटू चिठ्ठी घेऊन औषध आणाले पळाला, तेवढ्यात हवालदारानं तिचा जबाब घेतला, अन् औषध येईपर्यंत म्हातारी गेली.

हवालदार नवा होता, कोकणातला, बदली होऊन पंधरा दिवस झालेले. पोरगा चांगला, अक्षर तर मोत्यासारखं, पण अहिराणी त्याच्या कानावर पडेल नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावात पोलिसांची जीप, आत ठाण्याचा साहेब अन् तो हवालदार. कौतिकबायची लेक मंगला सासरहून आलेली, ती छाती पिटून सांगे, मनी मायले इन्हीच मारं, पानमा जहर दिन्हं. गावात कुजबुज सुरू, नळावरचं भांडण ज्याच्या त्याच्या तोंडी. प्रेत तिकडं दवाखान्यात, अन् इकडं साहेबानं पानाचा डबा जप्त केला, अडकित्ता, चुन्याची डबी, कात, बठ्ठं पिशवीत. बाई पोलीस वैशालीच्या दंडाले धरून उभी. वैशालीची पोर कडेवर, दोन वर्षाची, तिले काही समजत नव्हतं, ती आपली पोलीसबाईच्या टोपीकडं पाहून हसे. वैशाली रडतबी नव्हती, नुसती पाहे. मले ती विहिरीतली पोर आठवली.

साहेब म्हणे अक्का, इथं सही करा. मी म्हटली, पहिलं वाचते. साहेब म्हणे उशीर होतो. मी म्हटली, होऊ द्या, बाईचा जन्म चालला आहे, दहा मिनिटं माझी जाऊ द्या. अन् घसा साफ करून कौतिकबायचा जबाब वाचाले लागली, मोठ्यानं, अंगणात शंभर माणूस उभं. नाव, वय, राहणार. मग लिहेल होतं, मला पान लागले, रोज पान सून वैशाली देते, पान लागल्यावर पोटात कळा सुरू झाल्या.

वाचलं अन् मी थांबली. बापाचा आवाज कानात, परत वाच. परत वाचलं. मला पान लागले. मान वर करून पाहते तर काय, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी असलेली माणसं गुपचूप दोन पावलं मागे सरकलेली! धाकली पोरं आयांनी उचलून घेतली.

साहेब म्हणे काय झालं? अन् हवालदाराले विचारलं, पान खाऊन त्रास झाला असंच बोलली ना म्हातारी? मी म्हटली, तिचे शब्द काय होते, जसेच्या तसे सांग. तो म्हणे, माले पान लागनं, अशी दोनदा बोलली, मग मी विचारलं पान कोण देतं, तर म्हणे सून. मी गल्लीतल्या आबांकडं वळली, ऐंशीचे म्हातारे, म्हटली आबा, साहेबाले सांगा पान लागनं म्हणजे काय. आबा जमिनीकडं पाहे. माले काय इचारस पोरी, तुले ठाऊक शे.

ठाऊक तर बठ्ठ्यांले होतं. पण आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतील, लांबडं म्हणतील, अन् ज्याले ते डसलं त्याले पान लागलं म्हणतील. नाव घेतलं का ते ऐकतं, असं आजीपणजीपासून चालू आहे, अन् ज्या घरात ते डसलं त्या घरात तर बिलकूल नाही. मीबी जन्मात कधी घेतलं नव्हतं. पण वैशालीकडं पाहिलं अन् वरडून सांगितलं, साप! साप डसला साहेब तिले! काडी नाही टोचली, साप डसला, अन् म्हातारीले पापण्या जड झाल्यावर ते उमगलं, अन् तिनं मरता मरता तेच सांगितलं, तुमच्या माणसानं खायाचं पान लिहून ठेवलं!

बायांनी कानावर हात ठेवले. हवालदाराचं तोंड चुन्यागत पांढरं. साहेब चांगला माणूस, त्यानं लगेच दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरले म्हणे हात पाहा, बोटांच्या मधी पाहा. इकडं चार जणांनी लांब काठ्यांनी ढीग उपसाले घेतला. तळाले गेले अन् दिसली, काळीभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, मण्यार. कोणाले मारू दिलं नाही मी, साप धरणारा पोरगा बोलावला, त्यानं बरणीत घेतली. म्हणे, अक्का, ही डसली का सूज नाही, रक्त नाही, काटा टोचल्यावाणीच वाटतं. अन् तेवढ्यात डॉक्टरचा फोन, अंगठा अन् बोटाच्या बेचक्यात दोन ठिपके, सुईच्या टोकाएवढे.

पोलीसबाईनं दंड सोडला. मग रडली वैशाली, अशी रडली का आभाळ फाटावं. आत्याबाईले मीच धाडं काड्या लेवाले, एवढंच म्हणे, सासूले आत्याबाई म्हणायची ती. मी तिले छातीशी धरली अन् मीबी रडली, पण आतून मी इतकी खूश होती, इतकी खूश, का गावाच्या दिंडी दरवाजावर चढून नाचू वाटे.

पण पोलिसानं सोडलं, गावानं नाही सोडलं. मंगला दहाव्यालेबी तिच्या हातचं पाणी प्याली नाही. बाया हळदीकुंकवाले बोलवत, पण वैशालीनं चहा दिला का कप तसाच ठेवून उठत. सापाचं कळलं तरी मनातलं जात नाही ना लवकर. कैक महिने गेले. मग तपासणीचा कागद आला, पानात जहर नाही, डब्यात जहर नाही, अन् पितळेचा डबा परत मिळाला. भटूनं आणून ओट्यावर ठेवला, मंगला माहेरी आलेली, गल्लीतल्या बाया जमा, अन् डब्याले कोणी हात लावेना.

मी जन्मात पान खाल्लं नव्हतं. मी ओट्यावर मधोमध बसली अन् म्हटली, वैशाली, मले एक पान करून दे, सासूले द्यायची तसंच. तिच्या हातून सुपारी दोनदा सांडली. दिलं. मी बठ्ठ्यांसमोर तोंडात घातलं, सावकाश चावलं, अन् रस्त्यावर लालबुंद पिचकारी मारली. लुगड्यावर उडाली, उडू दे. तोंडात आग अन् डोळ्यात पाणी, बाया हसाले लागल्या. हसता हसता मंगला पुढं सरकली, हात पुढं केला अन् म्हणे, माले बी एक दे, वहिनी.

आते तो हवालदार मलेच फोन करतो, अक्का, ह्या शब्दाचा अर्थ काय, त्या शब्दाचा काय. वही केली त्यानं, पहिलं पान पानाचंच. माझी सेवा सरत आली. वैशालीची पोर शाळेत जाते, दारावरून जाताना पाटी मोठ्यानं वाचते, मीच लावली सवय. सुखी राहो ती अन् तिची माय, अन् तुमचंबी भलं होवो, एवढं उन्हात आले.

आते हे जे लिहिलं ना, ते मले वाचून दाखवा. मोठ्यानं. मग सही करते.