मोरेसाहेबांना रिपोर्ट

माझं गाव खेड तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याला, तिथं घरागणिक एक पोरगा पलटणीत जायचा म्हणून मी पण गेलो. शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तर कान धरून न्यायचे तेवढीच, पण भरतीला धावायला लावलं तेव्हा माझ्यापुढं एक जण नव्हता. हवालदार होऊन बाहेर पडलो. हवालदार रामजी शिगवण, हे आधी लिहा, मग बाकीचं. पोराची नोकरी मुलुंडला, म्हणून मी मुलुंडला.

तुम्ही विचारता ह्या वयात तब्येत अशी ठणठणीत कशी. अहो, आधी पीटी मग लंगर, म्हणजे आधी घाम काढायचा नि मग पंगतीत बसून डाळ, भाजी, रोटी खायची, ह्यावर आमची अर्धी जिंदगी गेली. इकडं आलो नि पीटी पण गेली, लंगर पण गेला. कॉलनीतनं खाली उतरलं की काय मिळतं तर वडापाव, चायनीजची गाडी नि बेकरीतली खारी. भाजी पायजे तर पूल चढून स्टेशनच्या पलीकडं जा, आणि तो पूल काय चीज आहे ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मैदान आहे, पण त्यात टेम्पो उभे. मग म्हातारा फौजी काय करणार, खारी खाणार नि टीव्ही बघणार.

मोरेसाहेबांचं तेच झालं. नायब सुभेदार मोरे, आमच्याच पलटणीतले, शेजारच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर. त्यांची बायको गेली नि हा वाघासारखा माणूस खुर्चीला चिकटला. साखर वाढली, पायाचा अंगठा काढावा लागला. जखम भरली तेव्हा डॉक्टर बोलले, आता चाला नि तोंड सांभाळा, नायतर पुढच्या वेळी पाय जाईल. साहेब उठायलाच तयार नाय. त्यांची सून सुनंदा माझ्याकडं रडत आली, काका, ते कुणाचंच ऐकत नाय, तुम्हीच बघा आता. मी बोललो, डोळे पूस, पाय नाय जाऊ देत.

आधी टेम्पोवाल्यांना गाठलं, सकाळचा एक कोपरा मोकळा ठेवा रे. एक जण बोलला, मैदान काय तुमच्या बापाचं का. मी बोललो, माझ्या नाय नि तुझ्या पण नाय, पण तुझा बाप असेल घरी तर त्याला पण पाठव चालायला. हसला नि काढला टेम्पो. मग आजूबाजूचे रिटायर फौजी गोळा केले, नेव्हीतला कदम पण घेतला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खिडकीखाली रांग लावून हजेरी घ्यायला लागलो. एकेकाचं नाव, एकेकाचं हाजिर, आणि त्यातच ओरडलो, मोरे! खिडकी धाडकन बंद.

दोन दिवस तेच. मग सुनंदा बोलली, काका, बाबा म्हणतात त्या शिगवणला विचार, मी कोण ते विसरला काय. काय सांगू तुम्हाला, कानफटात बसल्यासारखं झालं. हजेरी जवानांची असते हो! नायब सुभेदाराची हजेरी हवालदार घेतो काय कधी? हवालदारानं रांग उभी करायची, साहेबांनी येऊन रिपोर्ट घ्यायचा, म्हणजे किती हजर, किती गैरहजर ते ऐकायचं, आणि मी रस्त्यात उभा राहून त्यांना शिपायासारखी हाक मारत होतो. पलटणीत असं केलं असतं तर माझी वाटच लागली असती.

पुढच्या सकाळी बूट चकाचक केले, टोपी घातली, रांग सावधान केली नि खिडकीकडं बघून कडक सलाम ठोकला, श्रीमान, परेड हाजिर है! आता साहेब रिपोर्ट घेईपर्यंत रांग हलत नाय, हा कायदा. आम्ही उभे. दूधवाला थांबला, कुत्री थांबली. कदम बोलला, शिगवण, मरतो मी आता. मी बोललो, मर, पण हलू नको.

खिडकी उघडली. वरनं आवाज आला, रिपोर्ट खिडकीतनं घेतात काय रे? मी बोललो, नाय साहेब. मग जिन्यात काठीचा आवाज. खाली लेंगा, वर पलटणीची टोपी, आणि मागं सुनंदा पदर तोंडाला लावून. साहेबांनी सलाम घेतला, रांग वरपासनं खालपर्यंत बघितली नि पहिला शब्द काय काढावा, शिगवण, पोट आत घे!

तेव्हापासनं परेड चालू आहे. स्टेशनापलीकडच्या पारूबाईला मी बोललो, टोपली आमच्या मैदानाच्या गेटवर लाव, सगळी पालेभाजी इथंच संपेल, आता रोज येते. पीटी झाली की लंगर, सुनंदाची नाचणीची आंबील, कुणाची कुळथाची उसळ, कुणाची भाकरी, आणि पलटणीतल्यासारखी आधी चव साहेब घेणार. कदमनं एकदा खारी आणली तर त्याला सगळ्यांसमोर परत घरी धाडला, अजून तोंड फुगवून असतो.

साहेबांचा पाय आहे जागेवर. काठी टेकत मैदानाला फेरी मारतात, डॉक्टर पण खूश. आणि मी म्हणाल तर अजून हवालदारच, रोज खिडकीखाली उभा राहून सलाम ठोकतो, खांदा दुखतो तरी ठोकतो, कारण रिपोर्ट दिला तर साहेबांना खाली यावंच लागतं. देवानं एवढा खांदा चालू ठेवावा, दुसरं काय नको मला. आणि तुमचं पण भलं करावं त्यानं, पण तुमचं पोट मी मघापासनं बघतोय. उद्या सकाळी या. रांगेत शेवटी जागा आहे.